सशाची जन्मतारीख आणि तत्सम गंभीर प्रश्न

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी वृत्तपट, एखादा विनोदी लघुपट आणि आगामी आकर्षणांची झलक यांच्या सोबतीने सहा ते आठ मिनिटांचे एक कार्टून दाखवण्याची प्रथा होती, आणि प्रेक्षक आपापल्या खुर्च्या शोधत, टोप्या सावरत, शेजाऱ्याच्या पायावर पाय देत जे काही पाहायचे ते पाहत असे. हे कार्टून एका रिळात मावत असे. रीळ म्हणजे सुमारे हजार फूट लांबीची फिल्म, जी बोलपटाच्या वेगाने फार तर अकरा मिनिटे चालते. पुढच्या आठवड्यात नवे कार्टून आले की जुन्याचे कोणाला सोयरसुतक राहणार नाही, याबद्दल ते काढणारे, विकणारे आणि पाहणारे अशा तिन्ही पक्षांचे दुर्मीळ एकमत होते. या एकमताला सुरुंग लावला तो सूचिकारांनी. कोणते मांजर, कोणत्या उंदराच्या मागे, कोणत्या साली, कोणाच्या दिग्दर्शनाखाली आणि किती रंगांत धावले याची नोंद करणाऱ्या अभ्यासकाला येथे सूचिकार म्हटले आहे. मांजराच्या हाती उंदीर कायमचा कधीच लागत नाही. सूचिकार मात्र दोघांनाही धरून रकान्यात बसवू पाहतो, आणि या शास्त्राची सारी करमणूक त्या रकान्यांत साठलेली आहे.

या विद्याशाखेचा उदय साठच्या दशकातला. मायकेल बॅरियर यांनी १९६६ साली 'फनीवर्ल्ड' हे नियतकालिक सुरू केले, आणि त्यानंतर त्यांनी व मिल्टन ग्रे यांनी वृद्ध अ‍ॅनिमेटरांच्या मुलाखती घेण्याचा सपाटा लावला. त्यावर आधारलेला 'हॉलिवूड कार्टून्स' हा जाडजूड ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात लेनर्ड मॉल्टिन यांचे 'ऑफ माइस अँड मॅजिक' १९८० साली आले, ज्याच्या अखेरीस प्रत्येक स्टुडिओच्या चित्रपटांची यादी होती. जेरी बेक आणि विल फ्रीडवाल्ड यांनी वॉर्नर ब्रदर्सच्या हजाराच्या आसपास कार्टूनांची सूची आधी १९८१ साली आणि मग अधिक भरीव स्वरूपात १९८९ साली छापली. डेनिस गिफर्ड यांनी १९९० साली मूकपटांच्या काळातील अमेरिकन अ‍ॅनिमेशनचा हिशेब मांडला. या ग्रंथांचा एक विशेष नजरेत भरतो. ज्या कृतीत ऐरण डोक्यावर पडल्याने कोल्ह्याची घडी होऊन तो वाजंत्रीच्या भात्यासारखा चालू लागतो, त्या कृतीचा सारांश सूचीत शक्य तितक्या निर्विकारपणे द्यावा लागतो, आणि हा निर्विकारपणा जितका काटेकोर तितके ते वाचन अधिक हास्यकारक होते. शिकारी सशाच्या मागे लागतो, ससा त्याला चकवतो: हे एक वाक्य लिहून झाले की डझनावारी नोंदींचे काम भागते. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात टॉम आणि जेरीची ११४ कार्टूने काढली, आणि त्यांच्या कथानकांत परस्परांहून वेगळे काय हे ११४ वेळा सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडली त्याच्याविषयी सहानुभूती बाळगण्यावाचून इलाज नाही.

तरीही सारांश हा सोपा रकाना. तारखेच्या रकान्यात घोडे पेंड खाते. कार्टूनाच्या शीर्षकफलकावर स्वामित्वहक्काचे साल छापलेले असते. पण ते रोमन आकड्यांत, आणि १९३८ हे साल त्या पद्धतीने लिहायला तब्बल दहा अक्षरे लागत असल्याने ती मोजेपर्यंत फलक पडद्यावरून निघून जातो. शिवाय हे साल पुष्कळदा प्रदर्शनाच्या सालाशी जुळत नाही, कारण हक्काची नोंद एका वर्षी आणि चित्रपट थिएटरात पुढल्या वर्षी, असा प्रकार सर्रास चाले. लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सोडीवर बेतलेले 'द कॅट कॉन्सर्टो' हे टॉम आणि जेरीचे कार्टून सर्वसामान्य प्रदर्शनासाठी १९४७ साली आले, आणि त्याला ऑस्कर मिळाले ते १९४६ सालच्या चित्रपटांसाठीचे. त्याच रचनेवर वॉर्नरने 'ऱ्हॅप्सोडी रॅबिट' काढले होते, त्यातही प्राणीच पियानोला बसला होता, आणि ते १९४६ साली रीतसर प्रदर्शितही झाले होते. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. हे भांडण आता सूचिकारांकडे वारसाहक्काने आलेले आहे आणि ते त्यांनी जिवापाड जपले आहे.

मिकी माऊसचा जन्मदिवस १८ नोव्हेंबर १९२८ मानला जातो, कारण त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' लागला. परंतु मिकीचा पहिला तयार झालेला चित्रपट 'प्लेन क्रेझी', जो त्याच वर्षी मे महिन्यात चाचणीसाठी दाखवला गेला होता आणि विकत घ्यायला कोणी पुढे न आल्याने पडून राहिला. दुसरा 'द गॅलपिन गाउचो'. आणि 'स्टीमबोट विली' प्रत्यक्षात तिसरा. म्हणजे तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी मिकी जन्मला आणि पहिला चित्रपट जन्मानंतर काही महिन्यांनी, ध्वनी जोडून, प्रदर्शित झाला. डिस्ने कंपनी स्वतः कित्येक वर्षे हा वाढदिवस सोयीप्रमाणे वेगवेगळ्या तारखांना साजरा करत असे, आणि १८ नोव्हेंबरवर शिक्कामोर्तब झाले ते कंपनीचे दफ्तरदार डेव्ह स्मिथ यांनी कागदपत्रे तपासल्यावर. डोनाल्ड डकची अधिकृत तारीख ९ जून १९३४, 'द वाइज लिटल हेन' या चित्रपटाच्या प्रदर्शनाची. पण १९४९ सालच्या 'डोनाल्ड्स हॅपी बर्थडे' या कार्टूनात त्याचा वाढदिवस १३ मार्चला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली महाराष्ट्रातील पिढी हा तिढा कोणत्याही ग्रंथाच्या मदतीविना समजू शकेल.

तारखेपेक्षा अवघड प्रश्न पहिलेपणाचा. बग्ज बनी या सशाचे पदार्पण कोणत्या चित्रपटात झाले, असे विचारले की सूचिकार आधी पाणी मागतात. एप्रिल १९३८ मध्ये आलेल्या 'पोर्कीज हेअर हंट'मध्ये एक बुटका, पांढरा, वेड्यासारखा खिदळणारा ससा आहे, ज्याचा स्वभाव वर्षभरापूर्वी अवतरलेल्या डॅफी नावाच्या बदकाशी इतका जुळतो की बदकालाच सशाचे कातडे पांघरले असावे असे वाटते. या चित्रपटामागे बेन हार्डअवे हे गृहस्थ होते, ज्यांना सहकारी 'बग्ज' म्हणत. पुढल्या एका चित्रपटासाठी चार्ली थॉर्सन यांनी सशाचा नमुनाफलक काढला. नमुनाफलक म्हणजे एखादे पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून कसे दिसते हे सर्व चित्रकारांना कळावे म्हणून तयार केलेला तक्ता. त्या तक्त्यावर त्यांनी हा बग्जचा ससा आहे एवढ्याच अर्थाने 'बग्ज' बनी' असे लिहिले, आणि षष्ठीचे ते चिन्ह गळून पडल्यावर उरले ते विशेषनाम. त्यानंतर टेक्स एव्हरी यांचा 'अ वाइल्ड हेअर' २७ जुलै १९४० रोजी आला. त्यात गाजर खात, बिळाच्या तोंडाशी रेलून शिकाऱ्याची विचारपूस करणारा, कशानेही न गडबडणारा ससा प्रथमच दिसतो, आणि वॉर्नर कंपनी हाच जन्मदिवस धरते. अडचण एवढीच की या चित्रपटात सशाला नाव नाही. नाव पडद्यावर आले ते १९४१ च्या आरंभी, चक जोन्स यांच्या 'एल्मर्स पेट रॅबिट'मध्ये. पण त्यातला ससा आवाजाने आणि वागण्याने भलताच कोणी आहे. थोडक्यात, जो ससा बग्जसारखा वागतो त्याचे नाव बग्ज नाही आणि ज्याचे नाव बग्ज आहे तो बग्जसारखा वागत नाही.

या सशाचे पितृत्वही वादग्रस्तच. बॉब क्लॅम्पेट यांनी आपल्या वाट्याचे, आणि सहकाऱ्यांच्या मते इतरांच्याही वाट्याचे, श्रेय घेतल्यावर जोन्स यांनी त्यांच्या विधानांचा समाचार घेणारे एक लांबलचक पत्र लिहिले, आणि एव्हरी यांनी त्यावर स्वतःचे शेरे मारले. पुढे १९७९ साली जोन्स यांनी जुन्या कार्टूनांची जी संकलित फिल्म काढली तिच्यात बग्ज आपल्या अनेक वडिलांची नावे घेतो, त्यांत क्लॅम्पेट यांचे नाव नाही. वारसाहक्काचे दावे दिवाणी न्यायालयात जितक्या चिकाटीने लढवले जातात त्याहून अधिक चिकाटी येथे दिसते, आणि वाटणीला तर एक बिळदेखील नाही.

पॉपाय या खलाशाची कथा त्या मानाने सरळ, पण सूचीच्या दृष्टीने तीही वाकडी. फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने १९३३ साली काढलेला 'पॉपाय द सेलर' हा पॉपायचा पहिला चित्रपट अधिकृतपणे बेटी बूप मालिकेत मोडतो, कारण नवे पात्र चालेल की नाही याची चाचपणी जुन्या पात्राच्या आडून केलेली बरी असा व्यापारी हिशेब होता. बेटी त्यात थोडाच वेळ दिसते. खुद्द बेटी १९३० साली 'डिझी डिशेस'मध्ये आली तेव्हा तिला कुत्रीचे लोंबते कान होते, जे दीड-दोन वर्षांत कानातल्या रिंगा झाले. पात्रांच्या सूचीत ती प्राणी या विभागात घालावी की मनुष्य, आणि मध्येच विभाग बदलल्याची नोंद कशी करावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

नावांचा प्रकार याहून बिकट. टॉम आणि जेरी यांच्या पहिल्या चित्रपटात, म्हणजे १९४० सालच्या 'पस गेट्स द बूट'मध्ये, मांजराचे नाव जॅस्पर आहे आणि उंदराला कोणी हाकच मारत नाही. ही जोडी पुढे चालवायची ठरल्यावर एमजीएम स्टुडिओने नोकरवर्गात नाव सुचवण्याची स्पर्धा लावली आणि जॉन कार या अ‍ॅनिमेटरला ५० डॉलरचे बक्षीस मिळाले. तथापि टॉम आणि जेरी नावाची एक कार्टून-जोडी आधीच होऊन गेली होती: व्हॅन ब्यूरेन स्टुडिओने १९३१ ते १९३३ या काळात काढलेल्या चित्रपटांत एक उंच आणि एक ठेंगणा असे दोन पुरुष याच नावाने वावरत, आणि त्या स्टुडिओत तरुण जोसेफ बार्बेरा नोकरीला होते. मांजर-उंदीर प्रसिद्ध झाल्यावर घरगुती प्रक्षेपकासाठी हे जुने चित्रपट विकताना त्या दोन सज्जनांचे नामांतर करून त्यांना डिक आणि लॅरी करण्यात आले. माणसांची नावे मांजर-उंदरांनी बळकावल्यामुळे माणसांना बारसे बदलावे लागल्याचे दुसरे उदाहरण सहजी आढळणार नाही.

श्रेयनामावली, म्हणजे चित्रपटाच्या आरंभी कोणी काय केले हे सांगणारी यादी, ही सूचिकाराची गंगोत्री असायला हवी. प्रत्यक्षात तिच्यातले पाणी फार गढूळ आहे. 'पस गेट्स द बूट' हॅना आणि बार्बेरा यांनी दिग्दर्शित केला, पण पडद्यावर नाव रुडॉल्फ आयझिंग यांचे एकट्याचे. तो ऑस्करसाठी नामांकित झाला आणि हरला, तोही आयझिंग यांच्याच 'द मिल्की वे'पुढे, म्हणजे कागदोपत्री हे गृहस्थ एकाच रात्री जिंकले आणि स्वतःकडूनच पराभूतही झाले. पुढे टॉम आणि जेरीने सात ऑस्कर मिळवली, ती सगळी नियमाप्रमाणे निर्माते फ्रेड क्विंबी यांनी स्वीकारली. फीलिक्स या मांजराचे कर्ते म्हणून अनेक वर्षे पॅट सुलिव्हान यांचेच नाव झळकत राहिले, आणि काम मुख्यतः ऑटो मेस्मर यांचे होते हे इतिहासकारांनी लावून धरेपर्यंत सुलिव्हान यांना जाऊन काही दशके लोटली होती. सुलिव्हान यांच्या जन्मभूमीत, ऑस्ट्रेलियात, हा निकाल सर्वांना मान्य नाही. वॉर्नरला कार्टूने पुरवणारे लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओत तर पाळीपाळीने नाव देण्याची पद्धत होती: चित्रपटावर चार-पाच अ‍ॅनिमेटर राबत आणि फलकावर एकाचेच नाव येई, पुढल्या खेपेला दुसऱ्याचे. त्यामुळे फलकावरचे नाव त्या चित्रपटात किती काम केलेल्याचे आहे हे फलकावरून कळत नाही. मग अभ्यासक दृश्य न् दृश्य थांबवून पाहतात, आणि गाल असा फुगला आहे म्हणून हे रॉड स्क्रिबनर, दात असे नीट कोरले आहेत म्हणून हे रॉबर्ट मॅकिम्सन, असा निर्वाळा देतात. वेरूळच्या लेण्यांतील शिल्पकारांचे हात ओळखणाऱ्यांनीही इतक्या ठामपणे बोलण्याचे धाडस केल्याचे ऐकिवात नाही.

आवाजाच्या बाबतीत मेल ब्लँक यांचे नाव १९४० च्या दशकाच्या मध्यापासून पडद्यावर येऊ लागले. त्यांनीच सांगितलेल्या हकिकतीनुसार पगारवाढ मागितली असता ती नाकारून त्याऐवजी नाव देण्यात आले. इतरांचे नाव मात्र येईना, आणि त्यामुळे शिकारी एल्मर फडचा आवाज काढणारे आर्थर क्यू. ब्रायन १९५९ साली वारले तरी बहुतेक प्रेक्षक तो आवाजही ब्लँक यांचाच समजत. ही गफलत निस्तरण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे कीथ स्कॉट यांनी कानांच्या भरवशावर आणि कागदपत्रांच्या आधारे जो शोध घेतला तो २०२२ साली ग्रंथरूपाने आला. रोडरनर या पक्ष्याची सुप्रसिद्ध 'बीप बीप' पॉल ज्युलियन यांची. ते पार्श्वभूमीची चित्रे रंगवणारे कलावंत होते, आणि त्यांचा हा एकदाच ध्वनिमुद्रित केलेला आवाज वर्षानुवर्षे वापरला जात असताना त्यांचे नाव आवाजाच्या रकान्यात एकदाही आले नाही. सगळ्यांत मजेचा प्रकार प्रागचा. जीन डाइच यांनी १९६१-६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात टॉम आणि जेरीची तेरा कार्टूने काढली, ज्यांच्यातल्या घुमणाऱ्या आवाजांमुळे आणि ताठर हालचालींमुळे १९९५ नंतर भारतात कार्टून नेटवर्क पाहणाऱ्या मुलांनाही आज काहीतरी बिघडले आहे हे तत्काळ कळे. शीतयुद्धाच्या त्या काळात साम्यवादी देशातली नावे अमेरिकन पडद्यावर बरी दिसत नाहीत म्हणून संगीतकार व्हाक्लाव लिडल यांचे फलकावर व्हिक्टर लिटल झाले.

एवढे करून जी श्रेयनामावली उरली तिचाही काटा वॉर्नरने स्वतःच काढला. जुनी रंगीत कार्टूने १९४३ पासून 'ब्लू रिबन' या नावाने पुन्हा प्रदर्शित होऊ लागली, तेव्हा मूळ निगेटिव्हवरचे आरंभीचे फलक कापून नवे, गुळगुळीत फलक जोडण्यात आले आणि बहुतेक नावे त्या कापाकापीत गेली. निगेटिव्ह हीच मूळ प्रत असल्याने आधीचे फलक कसे होते हे जाणण्यासाठी अभ्यासकांना एखाद्या खासगी संग्राहकाकडची पिवळी पडलेली प्रत किंवा हक्कनोंदणी कार्यालयातील कागद शोधत फिरावे लागते, आणि सात मिनिटांच्या चित्रपटाचा पंधरा सेकंदांचा हरवलेला फलक सापडला की या मंडळींत दिवाळी साजरी होते. वर ज्याच्या जन्मतारखेचा घोळ सांगितला तो 'अ वाइल्ड हेअर' १९४४ साली पुन्हा आला तेव्हा त्याचे नाव 'द वाइल्ड हेअर' झाले होते. त्याहून सूक्ष्म फरक आत आहे. ससा मागून येऊन एल्मरचे डोळे झाकतो आणि कोण ते ओळखायला लावतो, तेव्हा एल्मर सुंदर नट्यांची नावे घेतो. १९४० साली त्यांत कॅरोल लोम्बार्ड हे नाव होते. लोम्बार्ड १९४२ च्या जानेवारीत विमान अपघातात मरण पावली, आणि पुनर्प्रदर्शनाच्या वेळी तेवढे एक नाव पुसून त्या जागी बार्बरा स्टॅनविक हे नाव बसवण्यात आले. ज्या कंपनीने आपल्या दिग्दर्शकांची नावे विनासंकोच कात्रीने उडवली तिने एका दिवंगत नटीच्या स्मृतीसाठी दोन शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित केले, हे तिच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही.

वॉर्नरच्या सूचीत दोन स्वतंत्र मालिका असतात, लूनी ट्यून्स आणि मेरी मेलडीज. प्रारंभी फरक खरा होता: पहिलीत ठरावीक पात्रे, दुसरीत कंपनीच्या मालकीच्या गाण्यांची जाहिरात, पहिली बव्हंशी कृष्णधवल, दुसरी १९३४ च्या अखेरपासून रंगीत. पुढे १९४३ नंतर दोन्ही रंगीत झाल्या, पात्रेही तीच झाली, आणि उरला तो फक्त आरंभीच्या धुनेतला फरक. त्यातही मूळची लूनी ट्यून्स ब्लू रिबन होऊन परतताना मेरी मेलडीजच्या गोत्रात दत्तक जात. सूचिकार तरीही दोन्ही वंशावळी वेगळ्या ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण ही मंडळी भेद पाळायचे सोडतील तर त्यांच्या हाती काम ते काय उरणार.

रंगांचे प्रकरण थोडक्यात आटोपणे इष्ट. डिस्नेने 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' या १९३२ सालच्या चित्रपटात तीन रंगांचे टेक्निकलर वापरले आणि कार्टूनांपुरता त्याचा मक्ता १९३५ पर्यंत स्वतःकडे राखला, म्हणून त्या काळात इतरांच्या चित्रपटांना दोन रंगांवर भागवावे लागे. दूरचित्रवाणी रंगीत झाल्यावर उलटा पेच आला, आणि पोर्की डुकराची जुनी कृष्णधवल कार्टूने १९६० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कोरियाला पाठवून तेथे एकेक चित्र कागदावर गिरवून रंगवून घेण्यात आली. गिरवणाऱ्यांना घाई होती आणि वाटेत हालचालींचे बरेच बारकावे गळाले. ऐंशीच्या दशकात पॉपायवरही हाच प्रयोग झाला, आणि नव्वदच्या दशकात संगणकाने रंग भरण्याची सोय निघाल्यावर पोर्कीची कार्टूने आणखी एकदा रंगली. तेव्हा एका कार्टूनाच्या तीन आवृत्त्या, आणि त्यांपैकी मधल्या आवृत्तीतले चित्र ज्यांच्या हातचे त्यांची नावे कोणत्याच फलकावर नाहीत.

हसण्यासारखे नसलेलेही काही या याद्यांत असते. वॉर्नरच्या अकरा कार्टूनांतील कृष्णवर्णीयांचे चित्रण इतके हिणकस होते की १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स या तत्कालीन हक्कदार कंपनीने ती दूरचित्रवाणीच्या संचातून काढून घेतली, आणि तेव्हापासून ती 'सेन्सॉर्ड इलेव्हन' या नावाने ओळखली जातात. सूचीतून मात्र ती काढलेली नाहीत. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात काय असावे आणि इतिहासाच्या यादीत काय असावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या क्षेत्रातील लोकांना इतर अनेक विद्वानांपेक्षा लवकर उमगले.

सूचीचा सर्वांत मोठा रकाना नष्ट झालेल्यांचा. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. हा पदार्थ कापसाच्या स्फोटक संयुगाचा सख्खा भाऊ असून एकदा पेटला की पाण्याखालीही जळतो, आणि पेटला नाही तर आपोआप कुजून त्याची भुकटी होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे भस्मसात झाली, त्यावरून या धोक्याचे स्वरूप महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक चौकटीगणिक किंचित सरकवून चित्रित केलेला 'आगकाड्यांची मौज' हा भारतीय अ‍ॅनिमेशनचा आद्य नमुना आज उपलब्ध नाही. आगकाड्यांचा चित्रपट ज्वालाग्राही फिल्मवर काढण्यात जो योग होता त्याकडे फाळक्यांचे लक्ष गेले असेल तर ते त्यांच्या विनोदबुद्धीला धरूनच झाले असते.

हरवलेले सापडण्याच्या बाबतीत ओस्वाल्ड या सशाचा हात कोणी धरणार नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १९२७-२८ मध्ये युनिव्हर्सल कंपनीसाठी त्याची २६ कार्टूने काढली. त्यांतले पहिले बनलेले 'पुअर पापा' कंपनीला पसंत पडले नाही, म्हणून 'ट्रॉली ट्रबल्स' आधी प्रदर्शित झाले आणि पहिले कार्टून १९२८ साली मागाहून आले, म्हणजे पहिलेपणाचा घोळ येथेही पाचवीला पुजलेला. त्याच वर्षी वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी डिस्नेचे बहुतेक चित्रकार फोडले, ससा कायद्याने युनिव्हर्सलचा असल्याने तोही गेला, आणि हात हलवत परतलेल्या डिस्नेने मिकी माऊस काढला. ओस्वाल्डची बरीच रिळे बेपत्ता झाली. मग २०११ साली 'हंग्री होबोज' इंग्लंडमधील एका खासगी संग्रहात निघाले, २०१४ साली 'एम्प्टी सॉक्स' नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, २०१५ साली 'स्ले बेल्स' ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, आणि २०१८ साली 'नेक अँड नेक' या कार्टूनाचा दोनेक मिनिटांचा तुकडा जपानमध्ये. तो तुकडा एका अ‍ॅनिमेशन-इतिहासकाराने शाळकरी वयात ओसाकातील खेळण्यांच्या व्यापाऱ्याकडून विकत घेऊन जपला होता, आणि त्यावरच्या चिठ्ठीवर नाव होते मिकीचे. ज्या सशाला गमावल्यामुळे उंदीर जन्माला आला तो ससा काही दशके त्या उंदराच्याच नावाखाली डब्यात पडून होता.

मालकीची नोंद पूर्ण करण्यासाठी एक व्यवहार सांगायचा राहतो. डिस्ने कंपनीने २००६ साली ओस्वाल्ड आणि त्याची ती २६ कार्टूने परत मिळवली. मोबदल्यात युनिव्हर्सलच्या भावंड-कंपनीला, म्हणजे एनबीसी या वाहिनीला, अमेरिकन फुटबॉलचे विख्यात समालोचक अल मायकल्स मिळाले, जे तोवर डिस्नेकडे करारबद्ध होते. सूचीच्या प्रचलित नमुन्यात शीर्षक, साल, दिग्दर्शक, लांबी, रंग आणि हक्कदार एवढेच रकाने असतात. ससा घेऊन माणूस दिल्याची पोच लिहायला त्यात जागा नाही.